कर्नलच्या मापाचं पिस्तूल

कर्नल शशिकांत सोनपेठकर आमच्या कंपनीत पहिल्यांदा आले ते ऐन मे महिन्यात, आणि अंगात लोकरीचा ब्लेझर घालून. बाहेर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. गेटवरच्या माणसानं आपुलकीनं विचारलं, "साहेब, उकडत नाय का?" कर्नल म्हणाले, "सियाचिनमध्ये थंडी वाजली नाही, इथं काय उकडणार?" ते सियाचिनला कधीच गेलेले नव्हते, हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. त्या दिवशी मात्र गेटवरच्या माणसानं कडक सलाम ठोकला, आणि प्रसाद हातावर पडावा तसा साहेबांनी तो न बघताच घेतला.

आमची कंपनी तेव्हा मोटारसायकलींचे गिअर आणि शाफ्ट करायची. मालक किशोरभाऊ फुलंब्रीचे. घरची शेती मोठी, पण यांचा जीव पहिल्यापासून लोखंडात. सैन्याचं जुनं पिस्तूल आता बदलायचं आहे, नवं पिस्तूल खासगी कारखान्यांनाही करून दाखवता येणार आहे, असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांना दुसरं काही सुचेना. परवाने आले, नवी यंत्रं आली, मागच्या शेडमध्ये बोगद्यासारखी लांबलचक बंदिस्त रेंज बांधून झाली. गिअर तपासणाऱ्या आम्ही चार-पाच जणांनी पिस्तूल तपासायला शिकून घेतलं. मी टेस्टिंगची प्रमुख होते. पहिले नमुने तयार झाले तेव्हा किशोरभाऊ म्हणाले, "आपल्याला लोखंड कळतं, पण फौज कळत नाय. कुणीतरी फौजेतला पायजे." आणि ते कर्नलसाहेबांना घेऊन आले. सल्लागार म्हणून.

प्रश्न तसा साधा होता. लढणाऱ्या सैनिकाचं हत्यार रायफल. पिस्तूल मिळतं ते बहुतेक अशांना, ज्यांचे हात दुसऱ्याच कामात गुंतलेले असतात. कुणी रणगाडा चालवतो, कुणी ट्रक, कुणी जखमींना उचलतो, कुणी वायरलेसवर बसतो. अशा माणसाला पिस्तूल काढायची वेळ आली, म्हणजे बाकी सगळं बिघडून चुकलेलं असणार. हात घामेजलेले असणार, श्वास फुललेला असणार. आणि पिस्तूल तर सगळ्यांना एकच मिळणार. उंच, बुटका, बाई, पुरुष, सगळ्यांना तेच. तर ते कसं असावं?

पहिल्या बैठकीत किशोरभाऊंनी हेच विचारलं. कर्नलसाहेबांनी ब्लेझरची बाही सावरली. नमुना उचलला, डोळे मिटले आणि पिस्तूल तळहातावर तोलत बसले.  किशोरभाऊ त्यांच्या तळहातावरून नजर काढेनात. बऱ्याच वेळानं साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बसत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"हातात बसत नाही, बेटी. हात कधी खोटं बोलत नाही."

'बसतंय' आणि 'बसत नाही' हे त्यांचं शास्त्र. एवढंच. ते त्यांनी पिस्तुलापुरतं ठेवलं असतं तर मी काही बोलले नसते. पण कॅन्टीनमधली पळी, टेबलावरचा स्टेपलर, दुपारी कुणी आणलेली पपई, सगळं त्यांच्या तळहातावर चढायचं आणि डोळे मिटले जायचे. त्यांच्या केबिनच्या दाराची मूठ त्यांना बसेना म्हणून ती दोनदा बदलली. कॅन्टीनचे ग्लास बसेनात म्हणून रुंद बुडाचे जाडजूड ग्लास आले. ते साहेबांच्या पंज्यात शोभायचे. लाइनवरच्या बायका मात्र ते दोन्ही हातांनी धरून चहा प्यायच्या, लहान मुलं दूध पितात तशा.

पंजा मोठा होता त्यांचा, हे खरं. लांब बोटं, रुंद तळवा, मनगट लोहारासारखं. आणि नेमही होता. हे मी लपवलं तर माझाच तिरस्कार खोटा पडेल. रेंजवर उभे राहिले की एका पायावर किंचित भार देऊन, खांदा न हलवता ते गोळ्या झाडायचे, आणि लक्ष्याच्या कागदावर सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची. पण मॅगझिनमधल्या गोळ्या संपल्या की ते कागदाकडे बघत नसत. मागं वळून आमच्या चेहऱ्यांकडे बघत. कागदावर काय झालं ते त्यांना माहीत असायचं. आमच्या तोंडावर काय झालं ते त्यांना पाहायचं असायचं.

एकदा किशोरभाऊंनी मला कर्नलसाहेबांबरोबर गुलमंडीच्या बाजारात पाठवलं. लष्करातले अधिकारी कधी ना कधी पिस्तूल बघायला येणार, तेव्हा पिस्तुलाचं म्यान, म्हणजे होल्स्टर, अडकवून दाखवायला चांगला रुंद चामडी पट्टा हवा होता. दुकान लहान, दुकानदार म्हातारे, डोळ्यांवर जाड चष्मा. कर्नलसाहेबांनी पहिला पट्टा हातात घेतला, डोळे मिटले. "बसत नाही." दुसरा. तिसरा. थोड्या वेळात दुकानातल्या सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या आणि गल्ल्यावर पट्ट्यांचा ढीग झाला. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी. म्हातारबाबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि विचारलं, "साब, किसके लिए लेना है?"

"फौज के लिए."

"तो फौज की कमर का नाप बोलो ना. बेल्ट कमर पे बंधता साब, हाथ पे नै."

मागची दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, तोंड फिरवून. कर्नलसाहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी ढिगातून पहिलाच पट्टा परत उपसला, म्हणाले, "यही. मैं तो पहले से जानता था," आणि बाहेर पडले. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "दुकानदाराची परीक्षा घ्यावी लागते." मला तेव्हाच कळलं की या माणसाला लाज नावाचा अवयवच नाही. एखाद्याला जन्मतः वास येत नाही, तसं.

पिस्तुलाच्या मुठीचं प्रकरण याच्या पुढच्या महिन्यातलं. आम्ही मुठीच्या मागच्या बाजूला बसणारे तीन तुकडे केले होते, लहान, मधला आणि मोठा. ज्याचा हात जसा, तसा तुकडा लावायचा, पिस्तूल तेच. ही कल्पना जगात नवी नव्हती आणि आमची नव्हती, पण शहाणपणाची होती. त्यासाठी मी आणि माझ्या दोघा सहकाऱ्यांनी कंपनीतल्या जवळजवळ सगळ्यांचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेखून घेतले होते. वॉचमन, ड्रायव्हर, मशिनवरची पोरं, पॅकिंगच्या बायका. ते कागद टेबलावर पसरून मी कर्नलसाहेबांना समजावू लागले की मोठ्या मुठीपर्यंत नीट पोचणारे हात किती थोडे आहेत.

साहेबांनी एक कागद उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हे काय, ज्योतिष मांडलंय?"

सगळे हसले. किशोरभाऊसुद्धा. हसू ओसरल्यावर साहेब उभे राहिले. उभे राहून बोलले की त्यांना स्वतःचं बोलणं जास्त आवडायचं. "किशोरभाऊ, फौज म्हणजे चपलांचं दुकान नाही, नंबर विचारायला. फौज हात बघून पिस्तूल देत नसते. पिस्तूल बघून हात घडवते." आणि त्यांनी मोठा तुकडा लावलेलं पिस्तूल उचललं, डोळे मिटले. "बसतंय."

मूठ ठरली. एकच, मोठी. बाकीचे दोन्ही तुकडे रद्द.

मग सेफ्टीचा खटका गेला. तो दाबल्याशिवाय गोळी सुटू नये यासाठी असतो. पण साहेबांच्या मते त्यामुळे 'खरा माणूस' मागं पडतो. "सेफ्टी इथं असते," ते कपाळावर बोट ठेवून म्हणाले. मग ट्रिगर हलका झाला. मग अजून हलका. प्रत्येक वेळी ते रेंजवर जायचे, कागदावर सुंदर नक्षी काढायचे आणि मागं वळून आमची तोंडं बघायचे. मी बैठकीत म्हटलं, "सर, एवढा हलका ट्रिगर आणि खटका नाही, हे घाबरलेल्या माणसाच्या हातात धोक्याचं आहे."

"बेटी, तू किती पिस्तुलं चालवलीस?"

"रोज चालवते, सर. टेस्टिंगला."

"तुझं पिस्तूल क्लॅम्पमध्ये आवळलेलं असतं. माझं हातात होतं."

यावर किशोरभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता पुरे. त्यांचाही दोष मी कमी धरत नाही. लोखंडाबाबत कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस, पण ब्लेझरपुढं त्यांची वाचा बसायची.

एकदाच, फक्त एकदाच, मला या माणसाबद्दल दुसरं काही वाटलं होतं. श्रावणातली दुपार होती, लाइट गेली होती, आणि रेंजच्या बाहेरच्या ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. ते जाड ग्लासातला चहा फिरवत बसले होते. मी उगाच विचारलं, "सर, तुम्ही कधी प्रत्यक्ष लढाईत होतात?" मला वाटलं, आता सियाचिन निघणार. त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "नाही. माझी नेमणूक नेहमी मागंच. तांदूळ, डिझेल, बूट, तंबू. कमरेला पिस्तूल असायचं आणि समोर गोणी असायच्या." ग्लास परत उचलून म्हणाले, "स्पर्धांमध्ये मात्र पुष्कळ झाडल्या. आयुष्यभर कागदच फाडले." मला कणव आली. ती संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी ते कॅन्टीनमध्ये नव्या पोरांना सांगताना मी ऐकलं की बर्फात पिस्तूल काखेत धरून गरम ठेवावं लागतं, नाहीतर शत्रू समोर आल्यावर ते गोठतं.

सविता गडदेची ओळख आता करून दिली पाहिजे. सविता करमाडजवळच्या एका वस्तीवरची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तिचा भाऊ अजूनही दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचा. ही मात्र शाळेत पळण्यात पुढं निघाली आणि केंद्राच्या एका सशस्त्र दलात भरती झाली. काही वर्षांनी मुलगी झाली, सासू गेली, घरी बघायला कुणी राहिलं नाही म्हणून तिनं नोकरी सोडली. आमच्याकडे ती रेंजवर चाचणीच्या गोळ्या झाडणारी म्हणून लागली. बोलायला मोकळी, हसायला मोकळी, आणि जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या पोरींना दंडाचे व्यायाम शिकवायची.

उंचीनं बेताची, हात लहान. नव्या मुठीचं पिस्तूल तिनं हातात घेतलं तेव्हा मी तिथं होते. दोन मॅगझिन झाडून झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, हे लई जाड हाय. बोट पोचवायचं तर आख्खी मूठ फिरवावी लागती."

"सवय होईल," कर्नलसाहेब म्हणाले.

"सवय व्हईल, पण गडबडीत नाय व्हायची. मूठ फिरली की बोट ट्रिगरवरून लवकर निघत नाय, बघा." तिनं रिकामं पिस्तूल धरून दाखवलं.

साहेबांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं, स्वतःच्या पंज्यात धरलं, बोट सहज आत-बाहेर केलं. "निघतं की."

"तुमचं निघतंय, साहेब," सविता म्हणाली, आणि हसली. तिला वाटलं हा विनोद आहे आणि तो सगळ्यांना कळला. मीही हसले. साहेबांनी तिला पुढच्या दिवसापासून जास्त सराव लावला.

अधिकारी येण्याची तारीख ठरली आणि साहेबांच्या अंगात आलं. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, दोन गोळ्या झाडायच्या, परत होल्स्टरमध्ये सारायचं, हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. सविता गोळीबाराच्या रेषेवर, ते मागं उभे राहून टाळ्या वाजवतायत. "जलद! अजून जलद! शत्रू थांबणार आहे का तुझ्यासाठी?" कानाला लावलेल्या इअरमफमधूनही तो आवाज घुसायचा. मी काचेपलीकडे होते. मी माइकवरून सांगितलं, "सर, तिला पाणी पिऊ द्या." त्यांनी हात उंचावून मला गप्प केलं.

पुढच्या खेपेला तिनं काढलं, झाडलं, झाडलं, आणि परत सारताना तिसरा आवाज झाला. आवाज वेगळाच. कोंडलेला.

सविता उभीच होती. खाली बघत होती. मग तिची पँट मांडीपासून खाली काळी होत गेली आणि ती बसली, अगदी हळू, जमिनीवर मांडी घालायला बसावं तशी. "मॅडम," ती म्हणाली, एवढंच.

मी धावले. आमचा एक मशिनिस्ट धावला, त्यानं अंगातला शर्ट काढून तिच्या मांडीवर आवळला. किशोरभाऊंचा ड्रायव्हर गाडी शेडच्या दारापर्यंत मागं घेत आला. आम्ही चौघांनी तिला उचललं. या सगळ्यात कर्नलसाहेब कुठं होते? मी गाडीत चढताना मागं वळून पाहिलं म्हणून मला माहीत आहे. ते रेषेवर वाकलेले होते. त्यांनी पडलेलं पिस्तूल उचललं होतं, मॅगझिन काढलं होतं, आणि पांढऱ्या रुमालानं त्याच्यावरचं रक्त पुसत होते. उजेडाकडे धरून त्यांनी ते इकडून तिकडून पाहिलं आणि धावत आलेल्या किशोरभाऊंना म्हणाले, "पिस्तुलाला काही झालेलं नाही."

तिरस्कार हा शब्द त्याआधी मी सैलपणे वापरायचे. भाजीवाल्याचा, शेजाऱ्याचा, कुणाचाही. त्या दिवसापासून तो जपून वापरते.

सविता वाचली. हाड फुटलं होतं, पण मोठी शीर थोडक्यात हुकली होती. कर्नलसाहेब तिला भेटायला गेले ते चौथ्या की पाचव्या दिवशी, गुलाबांचा गुच्छ घेऊन. मी तिच्या खाटेशी बसले होते, तिची आई खाली जमिनीवर. साहेबांनी गुच्छ आईच्या मांडीवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागले की होल्स्टरमध्ये सारताना बोट सरळ ठेवायचं असतं, हा पहिला धडा आहे, आणि तो विसरला की असं होतं. मग त्यांनी सविताचा हात उचलला. स्वतःचा तळवा तिच्या तळव्याला लावून बघितलं. दोन्ही हातांतला फरक दिसतच होता.

"तुझा हात लहान आहे, सविता. यात तुझा दोष नाही."

सवितानं हात सोडवून घेतला. औषधांनी तिचं बोलणं जड झालं होतं, पण शब्द नीट होते. "साहेब, हात मला आईनं दिला. पिस्तूल तुमी दिलं. आता बदलायचं असंल, तर दोन्हीतलं कोणतं बदलायला सोपं, सांगा बरं."

तिच्या आईला यातलं किती कळलं माहीत नाही. तिनं गुच्छ मांडीवरून उचलून खाटेखाली सरकवला. साहेब मला म्हणाले, "गुंगीत आहे," आणि गेले.

चौकशीला पोलीस आले. मी जे पाहिलं ते सांगितलं. खटका कुणी काढायला लावला, ट्रिगर कुणी हलका करायला लावला, मागं टाळ्या कोण वाजवत होतं. कर्नलसाहेबांनी सांगितलं, बोटाची चूक. तेही खरंच होतं. बोट सविताचंच होतं. किशोरभाऊंनी दवाखान्याचं सगळं केलं, पण कागदोपत्री चूक तिचीच ठरू दिली. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर असंल. पण आता अधिकारी यायचेत. आता मूठ बदलायला वेळ कुठंय?" त्यांचा आवाज खाली गेलेला होता. पण मूठ बदलली नाही, खटका परत आला नाही.

अधिकारी आले. तिघे होते, त्यात एक तरुण मेजर बाई. बाकी दोघं चहा, काजू, प्रास्ताविक यात रमले. या बाई शांत. कर्नलसाहेबांनी ब्लेझर घातला होता, छातीवर पदकांच्या फिती. त्यांनी नेहमीसारखं झाडलं, आणि कागदावर नेहमीसारखी सुंदर नक्षी उमटली. टाळ्या झाल्या. त्यांनी मागं वळून आमच्या तोंडांकडे पाहिलं.

मेजर बाई पुढं आल्या, रिकामं पिस्तूल मागून घेतलं. मॅगझिन काढायचं बटण अंगठ्यानं दाबायला गेल्या, अंगठा पोचेना. पकड सैल करून, पिस्तूल हातात फिरवून मगच पोचला. ट्रिगर रिकामाच एकदा ओढून पाहिला आणि भुवया वर गेल्या. "इसमें सेफ्टी लीवर नहीं है?"

"मॅडम, सेफ्टी यहाँ होती है," साहेबांनी कपाळावर बोट ठेवलं. "और ग्रिप की तो, प्रॅक्टिस से आदत हो जाती है."

 बाईंनी दाराकडे पाहून हाक मारली. त्यांच्या जीपचा ड्रायव्हर, बुटकासा, काळासावळा जवान, टोपी सावरत आत आला. "पकडो," त्या म्हणाल्या. त्यानं पिस्तूल घेतलं. "मॅगझिन निकालो." तो खटपट करू लागला. आधी उजव्या अंगठ्यानं, मग डाव्या हातानं. घाम फुटला बिचाऱ्याला. त्याला वाटलं आपलंच काही चुकतंय. शेवटी मॅगझिन निघालं आणि खाली फरशीवर पडलं.

"सॉरी, मॅडम."

"तुम्हारी गलती नहीं है," त्या म्हणाल्या. मग किशोरभाऊंकडे वळल्या. "सर, पिस्टल इसके लिए लेना है. कर्नल साहब के लिए नहीं. वो तो रिटायर हो चुके हैं."

हे त्या कुत्सितपणे बोलल्या नाहीत, साधं बोलल्या. म्हणूनच ते रेंजच्या बोगद्यात भिंतीवर आदळत राहिलं. किशोरभाऊंचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी कर्नलसाहेबांकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं नाही. ते कागदावरच्या भोकांकडे बघत होते.

आमचं पिस्तूल पुढं गेलं नाही. किशोरभाऊंनी रेंजच्या शेडमध्ये परत गिअरच्या पेट्या रचल्या. ते त्यातून उठले, पण त्यांचा पहिला आवाज परत आला नाही. त्यांनी एकदा सविताच्या वस्तीवर जाऊन तिच्या आईपुढं हात जोडले, असं मला सवितानंच सांगितलं. "मी म्हन्लं, भाऊ, बसा, च्या घ्या. अजून काय म्हनू?" कर्नलसाहेबांनी 'आजकालचे अधिकारी' या विषयावर किशोरभाऊंना दोन तास ऐकवलं आणि पुढच्या आठवड्यात ते दुसरीकडे सल्लागार म्हणून रुजू झाले. अशा माणसांना पुढचा दरवाजा आधीच उघडा असतो, हे मी तेव्हा शिकले. त्यानंतर लवकरच मीही ती नोकरी सोडली.

सविता आता उजव्या पायानं थोडी लंगडते. करमाडच्या शाळेच्या मैदानावर सकाळी ती पोलीस भरतीच्या पोरींना तयार करते. स्वतःला पळता येत नाही म्हणून खुर्चीत बसून शिट्टी वाजवते, आणि कुणी पोरगी मागं पडली की खुर्चीतूनच असं ओरडते की रस्त्यावरची जनावरं बाजूला होतात. मी अधूनमधून जाते. कर्नलचा विषय ती काढत नाही. मीच एकदा काढला तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम. त्या मानसाला डोक्यात जागा द्यायला मला येळ नाय." मला मात्र आहे, असं दिसतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते यंदाच्या लग्नसराईत, बीड बायपासवरच्या एका लॉनवर. माझ्या नवऱ्याच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. ताट घेऊन मी जागा शोधत होते, तर एका गोल टेबलावर ब्लेझर दिसला. केस सगळे पांढरे, पण आवाज तोच. भोवती सात-आठ माणसं, मुलीकडची, ऐकत बसलेली. एक खुर्ची रिकामी होती. मी बसले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"...फायरिंगमध्ये अपघात हे होतातच," ते सांगत होते. "आमच्याकडे एक पोरगी होती. गोळी मांडीत शिरली. सगळे नुसते बघत राहिले. मी तिला या हातांवर उचललं. या दोन हातांवर. गाडीपर्यंत नेलं. माझा सगळा शर्ट रक्तानं भिजला. वाटेतच माझ्या मांडीवर तिनं डोळे मिटले."

 एका बाईनं डोळ्यांना पदर लावला.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

"नाव..." त्यांनी पुरीचा तुकडा बासुंदीत बुडवला. "नावं कुठं लक्षात राहतात? शेकडो पोरं हाताखालून गेली."

"सविता गडदे."

"हां. सविताच. गुणी पोरगी होती."

"ती जिवंत आहे," मी म्हणाले. "करमाडला असते. आणि तिला आम्ही चौघांनी उचललं होतं. तुम्ही पिस्तूल पुसत होतात."

आता त्यांनी मला ओळखलं. टेबलावरची माणसं माझ्याकडे बघू लागली, मग आपापल्या ताटात. कर्नलसाहेबांच्या चेहऱ्यावर मी ओशाळेपण शोधत होते. तिथं फक्त नाराजी होती. रंगात आलेली गोष्ट कुणी मधेच तोडावी तशी.

"जिवंत आहे? वा, वा. चांगलं झालं," ते म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागवला.

मी उठले. हात धुऊन परत येईपर्यंत त्या टेबलावरची बरीच माणसं पांगली होती. कर्नलसाहेब एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन पलीकडच्या टेबलाकडे निघाले होते. ब्लेझर बघून तिथली दोन तरुण पोरं अदबीनं उठली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.